जुनी मारुती ८०० घरी उभी करायची की डेंटर-पेंटरकडे टाकायची? (नागपूर)

खामला_कॉर्नर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, पांढरी, एमएच ३१. नोंदणीचं नूतनीकरण २०२८ पर्यंत झालेलं आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक ठीक. दुखणं पत्र्याचं आहे. ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक, डावा रनिंग बोर्ड (दाराखालची पत्र्याची पेटी) स्क्रूड्रायव्हरने टोचला की टोक आत जातं, बॅटरीखालचा ट्रे संपलाय, मागच्या दोन्ही चाकांच्या कमानींवर फुगे. टप आणि बोनेटवर हात फिरवला की खडूसारखी पांढरी भुकटी लागते.

दोन ठिकाणी विचारलं. एक जण म्हणतो, मटेरियलसह सगळं, वीस दिवसांत गाडी न्या. दुसरा पॅनलच्या हिशोबाने रंग द्यायला तयार आहे, पण फ्लोअरला हात लावणार नाही. माझ्याकडे पत्र्याची शेड, अँगल ग्राइंडर, ड्रिल आणि १ एचपीचा कॉम्प्रेसर आहे. वेल्डिंग येत नाही. वेळ रविवारचा. घरी किती करावं आणि बाहेर किती द्यावं?

पत्रा_पाना

भाऊ, अख्ख्या गाडीचा निर्णय एकदम करू नका. काम थराथराने पाहा: खोलणं, गंज शोधणं, पत्रा जोडणं, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), प्रायमर, रंग, पुन्हा बांधणं. खोलणं, गंज शोधणं आणि बांधणं ही वेळखाऊ कामं आहेत, त्यांना कसब कमी लागतं. दुकानात नेमका तिथेच वेळ वाचवला जातो, कारण रंग झाल्यावर ते कोणाला दिसत नाही. वेल्डिंग आणि शेवटचा रंग मात्र हात बसलेल्या माणसाचंच काम.

कुणाचाही भाव धरू नका, आधी गाडी उघडी करा. सीट, कार्पेट, दाराच्या पायरीवरच्या पट्ट्या, दारांच्या आतले पुठ्ठे काढा. फ्लोअरवर डांबरी शीट चिकटवलेली असते, खरा गंज तिच्याखाली असतो. ती उन्हाळ्यात काढायला गेलात तर च्युइंगमसारखी पसरते. डिसेंबरच्या थंड सकाळी छिन्नी लावा, खपल्या निघतात.

मग हातोडीच्या मागच्या बाजूने सगळीकडे ठोकत जा. चांगला पत्रा टणटण बोलतो, खाल्लेला भद्द आवाज देतो. शंका आली की टोचून पाहा, खडूने गोल करा. तळहाताएवढं भोक दिसतंय म्हणजे कापताना वहीच्या पानाएवढा तुकडा जाईल हे धरून चाला.

आणि पाणी कुठून येतं ते शोधा. ८०० च्या पुढच्या काचेला रबर बीडिंग असते, तिचे खालचे दोन कोपरे कडक होऊन उघडतात. काचेखालच्या जाळीच्या पन्हाळात पानं साचतात. दाराच्या पुठ्ठ्यामागचा प्लास्टिकचा कागद फाटला की पाणी दारातून आत उतरतं. पाणी बंद न करता नवा पत्रा टाकला तर तोही जाणारच.

ऑटोमोटिव्ह_चौक

पत्रा_पानांचं म्हणणं पटतं, पण रविवारी-रविवारी हे काम होत नाही, हे स्पष्ट सांगतो. ८०० पूर्ण उघडायला सवय नसलेल्याला तीन-चार रविवार जातात. गंज साफ करायला तेवढेच. एक भाग घासून पांढरा केला आणि पुढच्या रविवारपर्यंत तसाच ठेवला, तर पावसाळी हवेत त्यावर लाल पापुद्रा येतो. उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. म्हणजे प्रत्येक रविवारी तुम्ही जेवढं प्रायमर मारू शकता तेवढंच घासायचं. हे गणित कोणी करत नाही, मग सुटी केलेली गाडी दोन-दोन वर्षं शेडमध्ये पडून राहते, क्लिपा हरवतात, आणि शेवटी ती डब्यांत भरून दुकानात जाते. सुट्या भागांची गाडी दुकानदार आनंदाने घेत नाही. घेतली तरी बांधणीची जबाबदारी घेत नाही.

तुमच्या त्या "वीस दिवसांत सगळं" वाल्याला एकच विचारा, फ्लोअर कापणार की वरून पट्टी लावणार? पट्टी म्हणाला तर नमस्कार करून निघा.

मानेवाडा_मिग

फ्लोअर आणि रनिंग बोर्डबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच गाडी सुधारते किंवा कायमची बिघडते.

८०० ला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. रनिंग बोर्ड ही बंद पेटी आहे. बाहेरचा पत्रा कापल्याशिवाय आतला कसा आहे ते कळत नाही, आणि बहुतेक वेळा आतला जास्त गेलेला असतो. बाहेरून छान नवीन पत्रा लावून आतला सडका ठेवला, तर जॅक लावल्यावर पेटी चेपते.

बदलीचा तयार रनिंग बोर्ड बाजारात मिळतो. फ्लोअरच्या तुकड्यासाठी २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिमी, इतवारीत लोखंडाच्या दुकानांत मिळेल. १८ गेज घेऊ नका, तो आणखी जाड असतो. जाड पत्रा पातळ पत्र्याला जोडताना पातळ आधी वितळतो आणि भोक पडतं. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, त्यावरून पत्रा.

वेल्डिंग मिगचंच (विजेवर, तार आपोआप पुढे सरकते ते). गॅसची नळी लावून टाके मारणारे अजून भरपूर आहेत. गॅसची उष्णता हातभर पसरते, पत्रा लाटेसारखा उठतो आणि ती लाट मग लांबीने झाकली जाते. मिगमध्ये ०.८ ची तार चालते, ०.६ मिळाली तर उत्तम. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा एकदम पलीकडच्या टोकाला, तिसरा मध्ये. हात लावता येईल इतकं थंड झालं की मधल्या जागा भरा. ओल्या फडक्याने थंड करायची घाई नको.

दोन्ही बाजू एकदम कापू नका. दारं बिजागरीवर असू द्या आणि प्रत्येक टप्प्यावर लावून पाहा. दाराची फट वरून खालपर्यंत सारखी राहिली म्हणजे पेटी जागेवर आहे. एका कोपऱ्याला जॅक लावून वेल्डिंग केलं तर गाडी वाकडीच गोठते, मग दार कधीच नीट बसत नाही.

आग हा वेगळा विषय. पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला खाली आहे, पेट्रोल आणि ब्रेकच्या नळ्या फ्लोअरखालून जातात. मागच्या भागात वेल्डिंग असेल तर टाकी उतरवायची. अर्धी रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, कारण वाफ पेटते. बॅटरीची तार काढा, अल्टरनेटरचा जोड काढा, शेजारी वाळूची बादली आणि अग्निशामक ठेवा. काम संपल्यावर तासभर तिथेच थांबा. कार्पेटखालचं जाजम धुमसत राहतं आणि माणसं गेल्यावर पेटतं.

हे शिकायला तुमची गाडी वापरू नका. भंगारातलं जुनं दार आणून त्यावर चार रविवार टाके मारा, मग ठरवा.

धंतोली_डिझेल

टाकी उतरवलीच आहे तर पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, १९९८ चं रबर त्याच्यासाठी बनलेलं नव्हतं. कार्बोरेटरचं गॅस्केट किटही त्याच वेळी.

रेशीमबाग_रसायन

मला घरच्या रंगकामातली एकच गोष्ट भीतीची वाटते आणि ती इथे अजून कोणी लिहिली नाही, म्हणून लिहिते.

आजकाल गाडीला जो टू-के पीयू रंग (हार्डनर कालवून मारायचा पॉलियुरेथेन रंग) लागतो, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याच्या धुक्यातून ते फुप्फुसात जातं. त्याची ॲलर्जी एकदा बसली की आयुष्यभराचा दमा होऊ शकतो, आणि नंतर अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. वास येईपर्यंत मात्रा धोक्याच्या पुढे गेलेली असते, त्यामुळे "वास येत नाही म्हणजे ठीक" हा हिशोब इथे चालत नाही. रुमाल, कापडी मास्क, धुळीचा मास्क ह्यांचा काही उपयोग नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा लागतो. वस्तीतल्या शेडमध्ये मारलात तर शेजारच्या घरातली लहान मुलंही तेच श्वासात घेतात.

ह्या एका कारणासाठी माझं मत आहे की टू-के रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) हे बूथ, म्हणजे रंगाची बंद खोली असलेल्या दुकानातच मारून घ्यावेत. घरी एक घटकाचं प्रायमर ब्रशने मारा, त्यात हार्डनर नसतो. लांबीचा हार्डनर वेगळा, तो पेरॉक्साइड आहे. तो त्वचेला आणि डोळ्यांना त्रासदायक आहे, पण आयसोसायनेट नाही. कोरडी लांबी घासताना मात्र धुळीचा मास्क हवाच.

सदर_बाजार

ताई, +१. ह्या माहितीची पाटी प्रत्येक रंगाच्या दुकानावर लावायला हवी.

वाडी_ट्रान्सपोर्ट

गंज काढायच्या घरगुती पद्धती, जास्त खर्च न करता:

बॅटरी ट्रेच्या भागात सांडलेलं ॲसिड आधी निष्प्रभ करायचं. पाण्यात खायचा सोडा कालवून ओता, फेस येणं थांबेपर्यंत. मग साध्या पाण्याने धुवा, वाळवा. हे न करता कितीही महाग प्रायमर मारला तरी सहा महिन्यांत पापुद्रा सुटतो.

छोटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट, निंबूसताच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात टाका. लिटरला ५० ते १०० ग्रॅम, रात्रभर. सकाळी तारेच्या ब्रशने घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर. स्प्रिंगा आणि ॲल्युमिनियमचे भाग ह्यात टाकायचे नाहीत.

बॅटरी चार्जर लावून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंज काढायची पद्धतही चांगली आहे. धनाला भंगार लोखंडी सळई, ऋणाला तुमचा भाग. धनाला स्टेनलेस स्टील कधीच नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि ठिणगी लांब ठेवा.

रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा काळा थर करणारं आम्लाचं रसायन) फक्त जिथे ब्रश पोचत नाही तिथे. खपल्या निघालेल्या गंजावर ते वरवर काळं होतं, आत गंज चालूच राहतो. त्यावर एपॉक्सी (प्रायमरचा एक पक्का प्रकार) मारायचा असेल तर डब्यावर वाचा, बरेच एपॉक्सी आम्लाच्या थरावर धरत नाहीत.

खामला_कॉर्नर (धागाकर्ता)

खूप आभार सगळ्यांचे. रंग घरी मारायचा विचार सोडला. पण लांबीपर्यंतचं काम घरी करता येईल का? आणि टप-बोनेटची ती पांढरी भुकटी, त्यासाठी पूर्ण रंग हवाच का?

पॉलिश_पेपर

भुकटीचं आधी. तुमची गाडी मूळची साधी पांढरी, सुपीरिअर व्हाइट असेल तर त्यावर वेगळा क्लिअर कोट नसतो. नागपूरच्या उन्हात वरचा थर मरतो आणि खडू होतो, खालचा रंग बऱ्याचदा जिवंत असतो. टपाच्या कोपऱ्यात वीतभर चौकोन धुवून त्यावर रबिंग कंपाउंड हाताने घासा. फडकं पांढरं होऊन खाली चमक आली तर टपाला रंगाची गरज नाही, रबिंग-पॉलिशने काम होईल. खाली प्रायमरचा वेगळा रंग दिसू लागला तर रंग संपलाय. कडांवर घासू नका, तिथे थर सगळ्यांत पातळ असतो.

आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे नागपूरच्या गाड्यांचा वरचा पत्रा बहुतेक ठणठणीत असतो. ऊन रंग आणि रबर खातं, गंज पाणी साचणाऱ्या जागी लागतो. म्हणून इथे अख्खी गाडी घासून उघडी करणं हा बऱ्याचदा वाया जाणारा खर्च आहे.

आता लांबी. घरी जरूर करा, हाताला लवकर बसते. नियम थोडे आहेत पण मोडले की दिसतात.

लांबी पत्र्याची जागा घेत नाही. ठोकून, ओढून पत्रा शक्य तितका सपाट करायचा आणि वर जास्तीत जास्त ३ मिमी लांबी. भोकावर लांबी लावली की मागून ओल धरते आणि फुगा येतो. तुमच्या कमानींवर आत्ता जे फुगे आहेत तिथे कोणीतरी आधी हेच केलेलं असण्याची शक्यता आहे. चुंबक पातळ कागदात गुंडाळून फिरवा, जिथे धरत नाही तिथे खाली लांबी आहे.

हार्डनर वजनाने सुमारे २ टक्के. एप्रिल-मेमध्ये त्याहून कमी, नाही तर फळीवरच दगड होतो. हार्डनर म्हणजे सावजीतलं तिखट नव्हे, वाढवला म्हणून काम भारी होत नाही. जास्त झाला की नंतर रंगातून डाग वर येतो आणि बारीक भोकं राहतात. लिंबाएवढा गोळा कालवा, तीन-चार मिनिटांत लावून मोकळे व्हा. कालवताना गोल ढवळू नका, दाबून पसरवा, म्हणजे हवा शिरत नाही.

घासणी कोरडीच. ८० नंबर, मग १२०, मग १८०, कागद लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, तिरप्या रेघांत. हाताने दाबून घासलं की बोटांचे खड्डे पडतात. लांबी पाण्याने घासणारे पेंटर अजून आहेत. ती पाणी पिते, ते पाणी रंगाखाली अडकतं आणि पहिल्या उन्हाळ्यात फोड येतात.

सपाट झालं का हे डोळ्याने कळत नाही. वर काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा मारा आणि ठोकळ्याने घासा. काळं राहिलं तिथे खड्डा, लगेच पत्रा दिसला तिथे उंचवटा.

ऑटोमोटिव्ह_चौक

@पॉलिश_पेपर, एका ठिकाणी असहमत. घरी लावलेल्या लांबीवर रंग मारायला बरेच पेंटर तयार नसतात. पुढे फुगा आला तर दोष कोणाचा ह्यावर भांडण होतं. म्हणून लांबीला हात लावायच्या आधी ज्याच्याकडे रंग द्यायचा त्याला विचारा. तो हो म्हणाला तर कोणती लांबी, कोणतं प्रायमर हे त्याच्याच सांगण्याप्रमाणे घ्या.

पॉलिश_पेपर

हे बरोबर आहे, मान्य. विचारूनच.

गोकुळपेठ_स्कूटर

थोडं अवांतर. बजाज चेतकचं पण असंच आहे का? टू-स्ट्रोक १५० ची उभी करायची आहे.

वाडी_ट्रान्सपोर्ट

स्कूटर घरी करायला कारपेक्षा सोपी. पॅनल सुटे होतात आणि सगळं दोन टेबलांवर मावतं. चेतकमध्ये पाय ठेवायच्या पट्ट्यांखालचा पत्रा आणि स्टँडच्या जोडाजवळचा भाग पाहा. केबल बोगद्यातून ओढून काढू नका. नवी केबल जुनीच्या टोकाला बांधून ओढली तर वाट चुकत नाही. पुढचा मडगार्ड काढायला हँडल आणि स्टिअरिंगचा दांडा खाली उतरवावा लागतो, तो तसाच ओढू नका.

चाकांच्या रिमा पावडर कोटिंगला द्या, हिंगणा एमआयडीसीकडे करणारे आहेत. पण बॉडी देताना विचार करा. पावडर भट्टीत १८० ते २०० अंशांना भाजतात, खाली साधी लांबी असेल तर ती सुटते. सँडब्लास्टिंगलाही (वाळूचा फवारा मारून साफ करताना) सपाट पत्रा जपा. दाब कमी आणि नोझल तिरकं, समोरून जोरात मारलं की पॅनल ताटलीसारखं फुगतं. आणि चेसिस नंबर कोरलेला भाग ब्लास्टिंगच्या आधी झाकून घ्या.

धंतोली_डिझेल

नंबर झाकायची गोष्ट कारलाही लागू. नूतनीकरणाच्या तपासणीत आरटीओ चेसिस नंबर पाहतं. त्यावर लांबी, ग्राइंडर किंवा जाड रंगाचे थर नकोत. धागाकर्त्यांनी पांढऱ्याचा पांढराच ठेवावा. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. २० वर्षांपुढच्या कारच्या नूतनीकरणाची फी आता १०,००० रुपये झाली आहे, वर पर्यावरण कर आणि तपासणी, तेव्हा २०२८ साठी पैसे बाजूला ठेवा.

सदर_बाजार

व्हिंटेज पासिंग घेता नाही येणार का?

धंतोली_डिझेल

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण हवीत. मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये, म्हणजे सगळ्यांत पहिली गाडीसुद्धा २०३३ शिवाय त्यात बसत नाही.

पत्रा_पाना

मूळ विषयावर येतो. दुकानाशी बोलायचं कसं, हे महत्त्वाचं आहे. गाडी चांगली-वाईट होते ती बरीचशी त्या बोलण्यावर.

डेंटर आणि पेंटर बहुतेक वेगळे असतात. एकत्र ठेक्यात डेंटर म्हणतो "पेंटर भरून घेईल" आणि पेंटर म्हणतो "पत्राच असा होता". म्हणून काम दोन भागांत द्या. पहिला भाग पत्रा, तो उघडा असतानाच तुम्ही पाहणार, फोटो घेणार, मगच पैसे. दुसरा भाग प्रायमरपासून पुढे.

कागदावर लिहून घ्या: कुठला पत्रा कापायचा, मिग की गॅस, जोडावर सीम सीलर (सांधा बुजवणारा लेप) लागणार की नाही, एपॉक्सी प्रायमर की साधं रेड ऑक्साइड, रंग कोणत्या कंपनीचा आणि टू-के की एनसी (नायट्रोसेल्युलोज). एनसी स्वस्त पडतो आणि लवकर वाळतो, पण आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत पुन्हा खडू.

पुढची आणि मागची काच काढूनच रंग, ह्यावर अडून बसा. बीडिंगवर टेप चिकटवून रंग मारला की कडेला रंगाची रेघ राहते आणि सोलणं तिथूनच सुरू होतं. ८०० ची काच रबरात असल्यामुळे काढणं सोपं आहे. बसवताना नव्या रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी घालून, साबणाचं पाणी लावून, आतून दोरी ओढत जायचं, रबराची ओठी आपोआप पत्र्यावर चढते. दोन माणसं लागतात, एक बाहेरून तळव्याने दाबायला.

मानेवाडा_मिग

आणि रंग जुळवण्यासाठी पेट्रोलच्या टाकीचं झाकण घेऊन जा. आधी त्याला रबिंग करा, तेव्हाच खरा रंग दिसतो. तरी नवा पांढरा जुन्याजवळ उठून दिसतोच, म्हणून अर्ध्या पॅनलवर जोड नको. रंग पूर्ण पॅनलच्या कडेपर्यंत न्यायचा.

पॉलिश_पेपर

हंगामाबद्दल कोणी लिहिलं नाही आणि नागपुरात तो फार मोठा भाग आहे.

मे महिन्यात, विशेषतः नवतपात, ४५ अंशांच्या पुढे रंग बंदुकीतून पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो. हात फिरवला की खरखरीत लागतो. वरचा थर आधी सुकला तर आतलं थिनर वाफ होऊन वर येतं आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतं. मिश्रणही टिकत नाही. २० अंशांना चार तास चालणारा टू-के रंग ४० अंशांना तासाभरात घट्ट व्हायला लागतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सावकाश वाळणारं थिनर आणि सावकाश हार्डनर, सकाळी नऊच्या आत. आणि कूलरच्या झोतासमोर उघडा पत्रा ठेवू नका, ओल्या हवेने तासाभरात गंज चढतो.

जुलै-ऑगस्टला एनसी रंगावर दुधाळ झाक येते, कारण थिनर उडताना पत्रा गार होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते.

उत्तम काळ दसऱ्यानंतर ते फेब्रुवारी. फक्त डिसेंबर-जानेवारीत पहाटे-रात्री फार गार असतं, १५ अंशांखाली टू-के नीट पकडत नाही. तेव्हा अकरा ते तीन ह्या वेळात मारायचा, दव पडायच्या आत हाताला कोरडा झाला पाहिजे. ज्या दुकानात ६० अंशांना अर्धा तास भाजायचा बूथ आहे तिथे हा प्रश्न येत नाही.

वाडी_ट्रान्सपोर्ट

बूथ नसलेल्या दुकानात निदान जमिनीवर पाण्याचा सडा टाकून मग रंग मारतात का पाहा. आणि संध्याकाळी दिवे लावून मारणाऱ्याला गाडी देऊ नका, चिलटं रंगात चिकटतात.

गोकुळपेठ_स्कूटर

रंग वाळल्यावर जवळून संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसतात, ते कशामुळे?

पॉलिश_पेपर

रंग जाड, हवेचा दाब कमी, किंवा बंदूक लांब. थेंब पसरायच्या आधीच वाळतात. बंदूक १५ ते २० सेंमीवर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला, रंगाला १.३ किंवा १.४ चं नोझल. आठवडाभर कडक होऊ देऊन १५००, २०००, ३००० च्या वॉटर पेपरने हलकं घासून कंपाउंड मारलं की साल जाते. मात्र थर जाड असेल तरच. नागपूरकरांना संत्री कितीही प्रिय असली तरी ती बोनेटवर नकोत.

@धागाकर्ते, ह्याच कारणाने तुमचा १ एचपीचा कॉम्प्रेसर मोठ्या पॅनलला पुरणार नाही. बंदुकीला लागणारी हवा तो सलग देऊ शकत नाही, पॅनलच्या मध्यावर दाब पडतो. कामाच्या शेवटी धूळ उडवायला आणि बंद पेट्यांत गंज रोखणारं मेण फवारायला मात्र उपयोगी पडेल.

खामला_कॉर्नर (धागाकर्ता)

सगळं वाचून असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. दसऱ्यानंतर आतलं सगळं खोलून डब्यांत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि फोटो. डांबरी शीट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. बॅटरी ट्रेचा भाग सोड्याने धुवून घेईन. फ्लोअर, डावा रनिंग बोर्ड, ट्रे आणि कमानी मिगवाल्याकडे, पत्रा उघडा असताना पाहून. तिथून गाडी थेट बूथवाल्याकडे, लांबीपासून पुढे सगळं त्याचंच. टप आणि बोनेटला फक्त रबिंग, जमलं तर. परत आल्यावर बीडिंग, कार्पेट, सीट मी बसवतो. एकच शंका, रनिंग बोर्डच्या आत मेण कधी मारायचं? वेल्डिंग झाल्यावर लगेच की रंगानंतर?

मानेवाडा_मिग

रंगानंतर. आधी मारलं तर मेण बूथच्या उष्णतेने पातळ होऊन सांध्यांतून बाहेर येतं, आणि जिथे एक थेंब लागला तिथे रंग धरत नाही. वेल्डिंगच्या आधी तर नाहीच, पेट घेतं. पेटी बंद व्हायच्या आधी आतल्या पत्र्याला झिंक प्रायमर मात्र मारून घ्या, नंतर तिथे ब्रश जात नाही.

रंगाच्या दुकानातून गाडी आली की आधी दारांच्या आणि रनिंग बोर्डच्या खालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, सीलर आणि रंगाने ती हमखास बुजतात. मग लांब नळीचं नोझल आतल्या टोकापर्यंत घालून मागे ओढत फवारा, खालच्या भोकांतून मेण टपकायला लागेपर्यंत. टपकणं थांबलं की भोकं पुन्हा एकदा तारेने उघडा. कार्पेट त्यानंतर दोन-तीन दिवसांनी.

ऑटोमोटिव्ह_चौक

बेत चांगला आहे. फक्त मिगवाल्याकडून बूथवाल्याकडे गाडी उघड्या पत्र्याने नेऊ नका. जोडांवर एपॉक्सी मारूनच तिथून हलवा. तो कोणत्या कंपनीचा चालेल हे बूथवाल्याला आधी विचारून ठेवा.

खामला_कॉर्नर (धागाकर्ता)

उद्याच विचारून येतो.